चार कोटी अंकांची मूळ संख्या आणि शाळेतला नवाचा ताळा

नारायणपेठी (धागाकर्ता)

अकरावीत शिकणारी माझी पुतणी गेल्या रविवारी जेवताना म्हणाली, "काका, सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?" अशी संख्या नसतेच, हे युक्लिडने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी सिद्ध करून ठेवले आहे, एवढे सांगून मी पुन्हा आमटीकडे वळणार होतो. पण तिला माणसाला ठाऊक असलेल्यांपैकी सर्वांत मोठी हवी होती, आणि ती सांगितल्यावर "तिचा शेवटचा अंक कोणता?" हा पुढचा प्रश्न लगेच आला. त्या प्रश्नापासून आम्ही दोघांनी वहीत जे काही काढले, ते येथे मांडतो. चुकले असेल तर जाणकारांनी कान धरावा.

संख्या अशी आहे: २^१३६२७९८४१ − १. येथे ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे. म्हणजे तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस वेळा २ मांडायचे, त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. ही संख्या २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाली आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्या आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेल्या २^८२५८९९३३ − १ या संख्येकडे होता व तिच्यात २,४८,६२,०४८ अंक होते. नवी संख्या एका सेकंदाला दोन अंक या वेगाने, झोप आणि जेवण सोडून, कोणी मोठ्याने वाचू लागला तर त्याला सुमारे २३७ दिवस लागतील.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत जाण्याची गोष्ट सर्वांनी ऐकली आहे. त्या चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज २^६४ − १ होते. आपली संख्याही तशीच बेरीज आहे. फक्त पटाला १३,६२,७९,८४१ घरे आहेत. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर १ हा अंक तेवढ्याच वेळा ओळीने येतो, त्यात एकही शून्य येत नाही. म्हणूनच दशमान पद्धतीत चार कोटी अंक व्यापणारी ही संख्या संगणकाच्या स्मृतीत साधारण एक कोटी सत्तर लाख बाइटांत मावते, म्हणजे मोबाइलवर सहज पाठवता येईल एवढ्याच जागेत.

आता पुतणीचा प्रश्न. २ च्या घातांचा एकम स्थानचा अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरत राहतो. घातांकाच्या शेवटी ४१ आहे, म्हणून त्याला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, घाताच्या शेवटी २ येतो आणि १ वजा केल्यावर उरतो १. तिला एवढ्यावर समाधान नव्हते, म्हणून शेवटचे तीन अंकही काढले. तिसऱ्या घातापासून पुढे शेवटच्या तीन अंकांचे चक्र शंभर पायऱ्यांचे असते, त्यामुळे आपल्या घाताचे शेवटचे तीन अंक २^४१ च्या शेवटच्या तीन अंकांसारखेच असणार. २^४१ = २१९९०२३२५५५५२. तेव्हा आपली संख्या ५५१ ने संपते. चार कोटी अंकांच्या संख्येचे शेपूट हाती लागायला वहीचे अर्धे पान पुरले.

अंकांची बेरीज करत करत शेवटी एकच अंक उरवण्याची जी रीत नवाच्या ताळ्यासाठी, म्हणजे गुणाकार बरोबर आला का ते पडताळण्यासाठी, शाळेत शिकवत, ती येथेही चालते. २ च्या घातांचे असे बीजांक २, ४, ८, ७, ५, १ या सहाच्या चक्रात फिरतात. आपल्या घातांकाला ६ ने भागले की बाकी ५ उरते, पाचवा बीजांक ५ आहे, त्यातून १ गेला की ४. ज्याला वेळ असेल त्याने ४,१०,२४,३२० अंकांची बेरीज करून पाहावी. शेवटी चारच उरतील.

हा धागा काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. विक्रमी मूळ संख्या दर वेळी "दोनचा घात वजा एक" याच साच्याची का निघते, असे मला बरेच दिवस वाटत होते. त्याचे उत्तर याच नवाच्या ताळ्यात आहे असा माझा समज झाला आहे. तो बरोबर आहे का, हे येथील संगणकवाल्यांनी सांगावे.

कोथरूडची वाचक

लेख आवडला, परंतु अंकांची संख्या मला पटली नाही. मुलासाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेले लॉग टेबल घरात होते. त्यात २ चा लॉग ०.३०१० दिला आहे. त्याने घातांकाला गुणले तेव्हा ४,१०,२०,२३३ अंक आले. चार स्थळांचे कोष्टक फारच ढोबळ आहे हे लक्षात येऊन मी ०.३०१०३ ही किंमत घेतली, तर गुणाकार ४,१०,२४,३२०.५३६ आला. पूर्णांकात एक मिळवायचा असतो, म्हणजे ४,१०,२४,३२१ अंक झाले. तुमच्या आकड्यापेक्षा एक अंक जास्त येतो. मी दोनदा करून पाहिले आहे.

नारायणपेठी

ताई, तुमचा गुणाकार बिनचूक आहे. कोष्टक आखूड पडले. २ चा लॉग ०.३०१०२९९९५६६… असा आहे. ०.३०१०३ आणि ही किंमत यांतला फरक दशांशचिन्हानंतर आठ शून्ये सोडून सुरू होतो, पण त्याला तेरा कोटींहून मोठ्या संख्येने गुणले की तो ०.५९ इतका फुगतो. तो वजा केला की तुमचे ४,१०,२४,३२०.५३६ खाली येऊन ४,१०,२४,३१९.९४५ होतात, आणि त्यात एक मिळवून अंक ४,१०,२४,३२०. दहा दशांश स्थळे घेतली तर उत्तर बरोबर येते.

तुमच्या या हिशेबातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. पूर्णांकानंतरचा ०.९४५३ हा भाग प्रतिलॉगाच्या कोष्टकात पाहिला तर ८.८१ च्या आसपास किंमत येते, म्हणजे संख्येची सुरुवात ८८१ ने होते. प्रत्यक्षात ती ८८१६९४ अशी सुरू होते. तेव्हा डोके ८८१, शेपूट ५५१, मधले चार कोटी अंक मात्र यंत्राकडे सोपवायचे.

निवृत्त गणितशिक्षक

धागाकर्त्यांनी घातांकाबद्दल काहीच लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. २^न − १ ही संख्या मूळ असायची तर घातांक न स्वतः मूळ असावाच लागतो. वर्गात मी हे द्विमान पद्धतीत दाखवत असे, कारण तेथे ते डोळ्यांना दिसते. ६३ म्हणजे २^६ − १, द्विमान पद्धतीत सहा वेळा १: ११११११. हे सहा एक तीन-तीनच्या गटांत तोडले की १११ × १००१, म्हणजे ७ × ९. दोन-दोनच्या गटांत तोडले की ११ × १०१०१, म्हणजे ३ × २१. एकांची रांग ज्या मापाने समान तुकड्यांत तुटते, त्या मापाची छोटी रांग मोठीला भागते. रांगेची लांबी मूळ असेल तर ती अशी तुटत नाही. तांदळाच्या पटावरची २^६४ − १ ही संख्या याच कारणाने मूळ नाही. ३, ५ आणि १७ हे तिचे सर्वांत लहान मूळ अवयव.

मात्र रांग तुटत नाही म्हणजे संख्या मूळच असते, असे नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते याची यादी दिली, आणि या संख्यांना त्याचे नाव चिकटले. यादी पुरती बरोबर नव्हती. ६७ आणि २५७ हे घातांक त्याने चुकून घातले, ६१, ८९ आणि १०७ गाळले. एदुआर ल्युका याने १८७६ मध्ये २^६७ − १ मूळ नाही हे दाखवले, पण तिचे अवयव त्याला मिळाले नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल याने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत तो एक शब्द न बोलता फळ्याजवळ गेला, एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार हाताने केला, दोन्ही उत्तरे जुळल्यावर तसाच जागेवर येऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या, असे सांगितले जाते. मी नोकरीत असताना दर वर्षी हा गुणाकार एका विद्यार्थ्याकडून फळ्यावर करून घेत असे. एकाही वर्षी तो पहिल्या फटक्यात जुळला नाही!

आता तुमच्या संख्येचा मला सर्वांत प्रिय असलेला गुणधर्म सांगतो. घातांक प हा विषम मूळ असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ विभाजक २ × क × प + १ याच रूपाचा असतो. २०४७ चे पाहा: २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे २२ चौक ८८ अधिक १. कोलचा पहिला अवयव १३४ × १४४५५८० + १ आहे. शिवाय त्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. तुमच्या संख्येला हे लावले, तर तिचा कोणताही विभाजक २७,२५,५९,६८२ च्या पटीपेक्षा एकने मोठा असावा लागेल. म्हणजे २ पासून सत्तावीस कोटींपर्यंतची एकही संख्या तिला भागू शकत नाही, हे एकही भागाकार न करता कळते.

हिंजवडीचा प्रवासी

धागाकर्त्यांचा समज बरोबर आहे. ऑफिसच्या बसमध्ये रोज दीड तास मिळतो, त्यात हे सविस्तर लिहितो आहे.

एखाद्या संख्येला ९ ने भागून बाकी काढायची असेल तर आपण भागाकार करत नाही, अंक मिळवतो. याचे कारण ९ ही १० पेक्षा एकने लहान आहे. ९९ ने भागायचे असेल तर दोन-दोन अंकांचे गट करून मिळवायचे: ४८२५ साठी ४८ + २५ = ७३, आणि ४८२५ ला ९९ ने भागल्यावर बाकी ७३ च उरते. संगणक दोनच्या पद्धतीत मोजतो, म्हणून त्याच्यासाठी "९" ची जागा २^प − १ घेते. ३१ म्हणजे २^५ − १. आता १९४ ला ३१ ने भागायचे आहे. १९४ द्विमान पद्धतीत ११००००१०. उजवीकडून पाच अंक तोडले की ०००१०, म्हणजे २. डावीकडे उरले ११०, म्हणजे ६. दोन्हींची बेरीज ८. बाकी ८. भागाकार झालाच नाही, झाली ती एक बेरीज.

हे इतके महत्त्वाचे का, ते चाचणी पाहिल्यावर समजेल. ल्युकाने ती शोधली आणि डी. एच. लेहमर याने १९३० मध्ये तिला आजचे रूप दिले. चारने सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि २^प − १ ने भागून बाकी ठेवायची. असे प − २ वेळा करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर संयुक्त. "बहुधा" हा शब्द येथे कोठेही येत नाही.

३१ साठी तीन पायऱ्या: ४ चे १४, १४ चे १९४ म्हणजे ८, ८ चे ६२, आणि ६२ ही ३१ ची दुप्पट असल्याने बाकी शून्य. १२७ साठी पाच पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटच्या पायरीवर १११ × १११ − २ = १२३१९ = १२७ × ९७.

विक्रमी संख्येसाठी याच पायऱ्या १३,६२,७९,८३९ आहेत, आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. शाळेच्या रीतीने असा एकच वर्ग करायला अंकांचे लाखो कोटी गुणाकार लागतील. म्हणून तो फूरिये रूपांतराने करतात. त्या रीतीत अंकांची रांग एखाद्या ध्वनिलहरीसारखी मानून तिचे घटक वेगळे करतात, घटकांचे वर्ग करतात आणि पुन्हा एकत्र आणतात. मग त्या वर्गाला आपल्या संख्येने भागायचे, तर तेथे वर सांगितलेला ताळा कामाला येतो. वरचा निम्मा भाग खालच्या निम्म्यावर ठेवून बेरीज करायची, एवढेच. फूरिये रूपांतर जरा कौशल्याने मांडले, तर ही बेरीजसुद्धा वेगळी करावी लागत नाही, ती वर्ग करता करताच होऊन जाते.

ही शोधमोहीम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव जिंप्स असे आहे. जगभरचे लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ तिला देतात. २०२४ ची संख्या अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांनी शोधली. त्यांनी सतरा देशांत विखुरलेली भाड्याची ग्राफिक कार्डे या कामाला लावली होती. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका कार्डाने ती बहुधा मूळ असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथील कार्डाने ल्युका-लेहमर चाचणीने ते पक्के केले. पहिल्या फेरीत "बहुधा" का, तर आता पहिली चाळणी फर्मांच्या चाचणीने करतात. ती "बहुधा मूळ" एवढेच सांगू शकते, पण तिच्यात मधल्या मधल्या पायऱ्यांवर चूक पकडण्याची सोय फार चांगली आहे.

शंकेखोर

दोन दुरुस्त्या सुचवतो. धागाकर्ते म्हणतात त्याप्रमाणे विक्रम "दर वेळी" या साच्याकडे गेलेला नाही. १९८९ मध्ये ३९१५८१ × २^२१६१९३ − १ या संख्येने मर्सेन संख्येला मागे टाकले होते, तेही केवळ सदतीस अंकांनी, आणि १९९२ पर्यंत तो मान तिच्याकडे होता. तीही दोनच्या घाताचीच चुलत बहीण आहे हे मान्य, पण मर्सेन संख्या नव्हे.

दुसरे असे, की ही ज्ञात असलेली ५२ वी मर्सेन मूळ संख्या आहे. "ज्ञात असलेली" हे दोन शब्द गाळू नयेत. मधल्या सर्व घातांकांची दुसऱ्यांदा तपासणी झाल्याशिवाय तिचा क्रमांक कायम होत नाही. क्रम उलटा झाल्याचीही उदाहरणे आहेत. घातांक ४,३१,१२,६०९ ची संख्या ऑगस्ट २००८ मध्ये सापडली, तिच्याहून लहान ३,७१,५६,६६७ ची सप्टेंबरात, आणि या दोन्हींच्या मधली ४,२६,४३,८०१ ची २००९ मध्ये. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे तर कोणीही सिद्ध केलेले नाही. त्या संपत नाहीत आणि एका घातांकापासून पुढचा सरासरी सुमारे १.४७६ पट असतो, असा एक तर्क आहे. ८,२५,८९,९३३ वरून १३,६२,७९,८४१ ही उडी १.६५ पटींची आहे, म्हणजे तर्काला धक्का बसावा असे त्यात काही नाही.

कोथरूडची वाचक

कानपूरच्या आयआयटीत २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची नवी रीत निघाली, असे वाचल्याचे आठवते. ती येथे का वापरत नाहीत?

शंकेखोर

अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांची ती रीत. तिचे मोल सिद्धांतातले आहे. कोणत्याही साच्याची संख्या असो, ती मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताएवढ्या वेळात सांगता येते, हे तिने प्रथमच सिद्ध केले. पण चार कोटी अंकांसाठी तो घात परवडत नाही. मर्सेन संख्येला तिच्या मापाची चाचणी आधीच शिवलेली आहे, मग सर्वांच्या मापाचा अंगरखा तिला कशाला?

डेक्कनचा रहिवासी

सर्व वाचले, बरेचसे कळले. या संख्येचा उपयोग काय? बँकेचे व्यवहार मूळ संख्यांवर चालतात म्हणतात, तेथे ही वापरतात का?

हिंजवडीचा प्रवासी

नाही. बँकेच्या कुलपाला साधारण तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगाला पाठ आहे. घराची किल्ली चौकात टांगण्यासारखे होईल. संख्येचा स्वतःचा उपयोग सांगायचा तर नाही, पण तिच्या शोधात बनलेली हत्यारे उपयोगी पडली आहेत. मोठे गुणाकार करण्याच्या रीती सुधारल्या, आणि जिंप्सची आज्ञावली नवा संगणक ताणून पाहण्यासाठी सर्रास वापरली जाते. २०१६ मध्ये इंटेलच्या एका प्रोसेसरमधला दोष त्यातूनच उघड झाला. त्याआधी १९९४ मध्ये पेंटियमचा भागाकाराचा दोष थॉमस नाइसली या प्राध्यापकांना सापडला, तोही जुळ्या, म्हणजे दोनच्या अंतराने येणाऱ्या, मूळ संख्यांचे गणित करतानाच. बक्षीस म्हणाल तर दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येला दीड लाख डॉलर ठेवलेले आहेत.

नारायणपेठी

शिक्षकमहोदयांच्या एकांच्या रांगेवरून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवले. ते आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवले. ६१७४ या त्यांच्या नावाच्या स्थिरांकामुळे त्यांना सगळे ओळखतात, पण ११, १११, ११११ अशा संख्यांचे वर्ग आणि त्यांतून येणारे १२१, १२३२१, १२३४३२१ हे मनोरे त्यांच्या विशेष आवडीचे. त्या दशमान पद्धतीतल्या एकांच्या रांगा, मर्सेनच्या द्विमान पद्धतीतल्या. दशमान रांगांनाही तोच नियम लागू आहे: लांबी मूळ असल्याशिवाय संख्या मूळ होत नाही. दोन एकांची ११ मूळ आहे, त्यानंतर थेट १९ एकांची आणि मग २३ एकांची. त्यापुढची एकदम ३१७ एकांची.

पुतणीने परिपूर्ण संख्येबद्दल लिहायला सांगितले आहे. जिच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती परिपूर्ण: ६ = १ + २ + ३, आणि २८ = १ + २ + ४ + ७ + १४. २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प−१) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडचे, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते हे ऑयलरचे. आपल्या संख्येतून मिळणारी परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकांची आहे. तिचा बीजांक १ येतो. २८, ४९६, ८१२८ यांचाही १ च येतो, ६ तेवढा अपवाद. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणाला दाखवता आलेले नाही.

निवृत्त गणितशिक्षक

हिंजवडीकरांनी ३१ आणि १२७ करून दाखवले. काल दुपारी वीज गेलेली होती, तेव्हा मी २^१३ − १ = ८१९१ साठी अकरा पायऱ्या कागदावर करायला घेतल्या. दीड तासाने शेवटच्या पायरीला शून्य यायला हवे होते, ते आले नाही. ८१९१ मूळ आहे हे मला पक्के ठाऊक असल्याने चूक माझी होती, पण अकरा वर्गांपैकी ती कोठे झाली ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून करण्याचा धीर नव्हता.

तेव्हा या धाग्याचे शीर्षक आठवले आणि प्रत्येक वर्गाला नवाचा ताळा लावत गेलो. पाचव्या पायरीला ३९५३ चा वर्ग मी १५६२६३०९ असा मांडला होता. ३९५३ चा बीजांक २, त्याचा वर्ग ४. माझ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ३२, म्हणजे ५. चोर सापडला. हातचा एक जास्त धरला गेला होता. खरा वर्ग १५६२६२०९. (अंकांची अदलाबदल झाली असती तर हा ताळा गप्प बसला असता, हेही सांगून ठेवतो.) तेथून पुढे दुरुस्त केले. हिंजवडीकर, यंत्रे मधल्या पायऱ्यांवर चूक पकडतात म्हणालात, ते असेच काही असते का?

हिंजवडीचा प्रवासी

मूळ कल्पना तीच, सर. काही ठरावीक पायऱ्या झाल्या की आतापर्यंतच्या मधल्या उत्तरांचा एकत्र गुणाकार ठेवतात आणि तोच दुसऱ्या वाटेने काढून जुळवून पाहतात. रॉबर्ट गेर्बिच यांनी ही युक्ती सुचवली. जुळले नाही तर शेवटच्या जुळलेल्या जागेवर परत जायचे. महिनाभर चालणाऱ्या गणनेत स्मृतीतला एक अंक जरी उलटला, तरी पुढचे सगळे वाया जाते, आणि वाईट म्हणजे उत्तर "शून्य नाही" असे येऊन एखादी मूळ संख्या आपल्या हातून कायमची निसटू शकते. चुकून शून्य येण्याची भीती जवळजवळ नाही. भीती असते ती शून्य हुकण्याची. आपले ८१९१ काल हुकले होते तसेच.

कोथरूडची वाचक

सर, दुरुस्तीनंतरच्या पायऱ्या कृपया येथे द्याव्यात. मुलाला बसवून करून घ्यायच्या आहेत.

निवृत्त गणितशिक्षक

४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. शेवटची पायरी त्याच्याकडून तोंडी करून घ्यावी: १२८ चा वर्ग १६३८४, त्यातून २ गेले की १६३८२, आणि ती ८१९१ ची बरोबर दुप्पट.